बैलाची वेदना, गिधाडाचं मरण

ऐन नांगरणीत बैल लंगडू लागला की शेतकऱ्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही. गुरांचा डॉक्टर येतो, इंजेक्शन देतो. एक-दोन दिवसांत सूज उतरते आणि बैल पुन्हा चारही पायांवर उभा राहतो. १९९० च्या दशकात भारतातल्या असंख्य गोठ्यांमध्ये हे घडत होतं. त्या इंजेक्शनातल्या औषधाचं नाव होतं डायक्लोफिनॅक. माणसांच्या सांधेदुखीवर आधीपासून चालणारं, स्वस्त आणि लगेच गुण देणारं. मुक्या जनावराचं दुखणं हलकं व्हावं म्हणून ते टोचलं जात होतं. त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. आणि याच औषधाने दक्षिण आशियातली गिधाडं पंधरा वर्षांत जवळजवळ नाहीशी केली.

जैवविविधतेचा ऱ्हास म्हटलं की आपल्याला शिकारी, जंगलतोड, खाणी आणि धरणं आठवतात. तिथे दोषी कोण ते बोट दाखवून सांगता येतं. गिधाडांची गोष्ट त्यापेक्षा अवघड आहे, कारण तिची सुरुवात दयेतून झाली. म्हणूनच प्राण्यांबद्दलची आपली नैतिक जबाबदारी नेमकी कशाला म्हणायचं, हे तपासून पाहायला तिच्याइतकं दुसरं चांगलं उदाहरण आपल्याकडे नाही.

काय घडलं

१९८० च्या दशकापर्यंत भारतात गिधाडांची संख्या कोट्यवधींच्या घरात होती. पांढऱ्या पाठीचं गिधाड तर जगातल्या मोठ्या शिकारी आणि मृतभक्षक पक्ष्यांमध्ये बहुधा सर्वांत जास्त संख्येने आढळणारा पक्षी मानलं जाई. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की काही वेळातच आभाळात घिरट्या सुरू होत. मोठा थवा उतरला तर तासाभराच्या आत फक्त सांगाडा उरे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांना राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव उद्यानात रिकामी घरटी दिसू लागली. फांद्यांवर मान टाकून बसलेली गिधाडं दिसत आणि पुढे ती झाडाखाली मरून पडलेली सापडत. देशभर पुन्हा गणना झाली तेव्हा कळलं की हे एका उद्यानापुरतं नाही. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारांमागे एक उरलं. लांब चोचीचं आणि बारीक चोचीचं गिधाड या दोन जातींची मिळून घट जवळपास ९७ टक्के होती. इतक्या वेगाने इतक्या संख्येने पक्षी नाहीसे झाल्याची उदाहरणं जगाच्या नोंदीत फारच थोडी आहेत.

सुरुवातीला संशय विषाणूवर होता. उत्तर मिळालं ते पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये. तिथे ‘द पेरेग्रिन फंड’ या संस्थेतर्फे डॉ. लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी मेलेली गिधाडं तपासत होते. बहुसंख्य पक्ष्यांच्या यकृतावर, हृदयावर, मूत्रपिंडांवर खडूसारखा पांढरा थर साचलेला होता. तो होता युरिक ॲसिडचा. मूत्रपिंडं निकामी झाली की हे आम्ल शरीराबाहेर जात नाही, आतच साचतं. पण विषाणू सापडेना, कीटकनाशक सापडेना, जड धातूही सापडेनात. मग संशोधकांनी प्रश्न उलटा केला. गिधाडं जे खातात त्या गुराढोरांना अलीकडे नवं असं काय दिलं जातं, की जे पोटातून शोषलं जाईल आणि मूत्रपिंडाला घातक ठरेल? औषधविक्रेत्यांकडे आणि पशुवैद्यांकडे चौकशी केल्यावर डायक्लोफिनॅकचं नाव पुढे आलं. मूत्रपिंडं निकामी होऊन मेलेल्या ज्या २५ गिधाडांची तपासणी झाली, त्या सगळ्यांच्या शरीरात ते सापडलं. २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झालं.

यातलं गणितही समजून घ्यायला हवं. गिधाडं एकेका मढ्यावर मोठ्या संख्येने उतरतात. त्यामुळे शंभर मढ्यांपैकी एकापेक्षाही कमी मढ्यात घातक मात्रा असली, तरी सगळी जात कोसळायला ती पुरते, असं संशोधकांनी हिशेब मांडून दाखवलं. भारतात प्रत्यक्ष नमुने तपासले गेले तेव्हा साधारण दहांपैकी एका मढ्यात हे औषध होतं. त्यात गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, आणि पिल्लू वयात यायला साधारण पाच वर्षं लागतात. मरणाचा वेग असा आणि जन्माचा वेग असा.

दोष कोणाचा?

शेतकऱ्याने औषध मागितलं, कारण त्याचं जनावर तळमळत होतं. डॉक्टरने ते दिलं, कारण त्याने गुण येत होता. कंपनीने ते बनवलं, कारण परवाना होता. परवाना देणाऱ्यांनी तो दिला, कारण गुरांना ते चालत होतं. या साखळीतल्या प्रत्येकाने आपल्यापुरता प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मिळवलं. विचारायचा राहिला तो एकच प्रश्न: हे जनावर मेल्यावर त्याला कोण खाणार आहे?

हा प्रश्न सुचायला अवघड नव्हता. पशुगणनेनुसार २०१९ मध्ये देशात गाय-बैल आणि म्हशी मिळून ३० कोटींहून अधिक जनावरं होती. त्यांपैकी असंख्य जनावरं खाटकाकडे न जाता म्हातारपणाने किंवा आजाराने मरतात आणि गावाबाहेर टाकली जातात. आपल्या समाजाने गाय न मारण्याचा जो नियम घालून घेतला, त्याचा दुसरा अर्धा भाग गिधाडं पूर्ण करत होती. मेलेल्या गुराची विल्हेवाट हा आपल्या पशुपालनाचाच शेवटचा टप्पा होता. पण तो आपल्या नजरेआड होत असल्याने कोणाच्या कागदावर आला नाही.

‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे म्हणणं २००४ पूर्वी खरं होतं. नैतिकदृष्ट्या त्याला वजनही आहे. ज्याची कल्पनाच करता आली नसती, त्याबद्दल माणसाला गुन्हेगार ठरवता येत नाही. पण न कळणं आणि कळून न घेणं यांत फरक आहे. एखादा नवा पदार्थ कोट्यवधी प्राण्यांच्या शरीरात घालण्यापूर्वी तो पुढे कुठे कुठे जाईल, हे पाहण्याची जबाबदारी तो घालणाऱ्यावर आणि त्याला परवानगी देणाऱ्यावर असते. ती दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

२००४ नंतर तर अज्ञानाची सबब उरलीच नाही. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. नेपाळ आणि पाकिस्ताननेही तेच केलं. मात्र माणसांसाठीच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या दुकानात मिळतच होत्या आणि त्या गोठ्यात पोहोचत होत्या. माणसांसाठीचं इंजेक्शन तीन मिलिलिटरच्या एकाच मात्रेत विकण्याचं बंधन २०१५ मध्ये आलं. ॲसेक्लोफिनॅक हे औषध गुरांच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफिनॅकच होतं. केटोप्रोफेन हेही गिधाडांना मारतं. तरी जनावरांसाठी या दोन औषधांवर बंदी यायला २०२३ साल उजाडलं. निमेसुलाइडवर ती २०२४ च्या अखेरीस आली. एक विष सापडल्यावर त्याच कुळातल्या औषधांना आधी थांबवून मग तपासायला हवं होतं. आपण ती आधी चालू ठेवली, मग तपासली आणि मग थांबवली. मधल्या वर्षांत मेलेल्या गिधाडांचा दोष अज्ञानावर टाकता येत नाही.

दोन प्रकारची करुणा

आपल्या राज्यघटनेत १९७६ मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्यं समाविष्ट झाली. त्यांतल्या एकाच कलमात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: वनं, नद्या, वन्यजीव यांच्यासह निसर्गाचं रक्षण करणं आणि प्राणिमात्रांबद्दल दया बाळगणं. वाचताना वाटतं की ही दोन्ही एकच आहेत. गिधाडांनी दाखवून दिलं की ती नेहमी एका दिशेने जातातच असं नाही.

पहिली करुणा समोरच्या जिवाकडे पाहते. या बैलाला दुखतंय, हे कुत्रं उपाशी आहे, हे पिल्लू घरट्यातून पडलंय. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये ‘ॲनिमल लिबरेशन’ या पुस्तकात या भूमिकेला धारदार रूप दिलं. ज्याला वेदना होते त्याच्या वेदनेचा विचार करावाच लागतो, मग तो माणूस असो वा प्राणी, असं त्यांचं सांगणं. दुसरी करुणा एकेका जिवापलीकडे जाते. जात, अधिवास, जिवांचं परस्परांवर अवलंबून असणं हे सगळं टिकतंय का, असं ती विचारते. अमेरिकन वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड यांच्या लेखनातून, विशेषतः १९४९ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर आलेल्या पुस्तकातून, हा विचार जगभर पोहोचला. माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी हा सगळा एक समुदाय आहे आणि माणूस त्याचा मालक नसून सदस्य आहे, असं त्यांचं मांडणं होतं.

भारतीय न्यायालयांनीही हे दोन्ही सूर लावले आहेत. आशियाई सिंहांच्या स्थलांतराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये माणसाच्या सोयीपेक्षा त्या प्राणिजातीच्या हिताला मध्यभागी ठेवलं. पुढच्याच वर्षी जल्लिकट्टूच्या निकालात त्याने एकेका बैलाच्या वेदनेची आणि प्रतिष्ठेची बाजू घेतली.

या दोन करुणांत एक निवडावी लागते, असं पुष्कळदा सांगितलं जातं. बैलाच्या बाबतीत तशी वेळ नव्हती. मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना अपाय करत नाही, हे २००६ मध्ये प्रयोगांनी सिद्ध झालं. ते बैलाची वेदनाही कमी करतं. पुढे टॉल्फेनॅमिक ॲसिडही सुरक्षित आढळलं. बैल आणि गिधाड यांत खरा संघर्ष कधीच नव्हता. आपण शोध घ्यायला उशीर केला, म्हणून तो तसा दिसला. निसर्गरक्षण की शेतकरी, विकास की पक्षी, असे जे पेच आपल्यासमोर मांडले जातात, त्यांतले बरेच असेच असतात. थोडा खर्च, थोडी मेहनत आणि थोडं थांबणं यांतून तिसरा मार्ग निघतो.

काही पेच मात्र खरेच असतात आणि ते झाकून चालत नाही. औषध गिधाडांना चालतं की नाही, हे कळण्यासाठी ते कोणत्या तरी गिधाडाला द्यावंच लागतं. दक्षिण आफ्रिकेत आणि भारतात बंदिस्त गिधाडांवर असे प्रयोग झाले आणि केटोप्रोफेनच्या चाचणीत काही पक्षी दगावले. त्या पक्ष्यांनी काही संमती दिली नव्हती. मला हे प्रयोग समर्थनीय वाटतात, कारण आपण आधीच उभ्या केलेल्या संकटातून जात वाचवण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता. पण समर्थनीय म्हणजे निर्दोष नव्हे. म्हणून पक्षी कमीत कमी वापरणं, पुन्हा रानात सोडता न येणारे पक्षी आधी निवडणं आणि एकदा हाती आलेलं उत्तर ताबडतोब कायद्यात उतरवणं हे बंधनकारक ठरतं. ज्यांनी जीव दिला त्यांचा निष्कर्ष वर्षानुवर्षं फाइलीत पडून राहणं ही त्यांच्याशी केलेली प्रतारणा आहे.

नावडत्या जिवांची बाजू

वाघासाठी निधी उभा राहतो, मोर राष्ट्रीय पक्षी होतो. गिधाडाचं नाव आपण शिवीसारखं वापरतो. घरावर गिधाड बसणं अशुभ मानलं गेलं. रामायणातल्या जटायूला हात जोडणाऱ्या समाजाने झाडावरच्या गिधाडाकडे मात्र किळसेने पाहिलं. ती मरत होती तेव्हा आवाज फार उशिरा उठला, त्यामागे हेही एक कारण आहे. आपली करुणा सुंदर, देखण्या, गोजिरवाण्या प्राण्यांपाशी लवकर पोहोचते. नीतीची खरी परीक्षा तिथे होत नाही, जो आवडत नाही त्याच्याशी आपण कसे वागतो तिथे होते.

या किळसेला महाराष्ट्रात एक जुना आणि वेदनादायक संदर्भ आहे. मेलेलं ढोर गावाबाहेर ओढून नेण्याचं काम इथल्या जातिव्यवस्थेने महार समाजावर आणि इतर काही दलित जातींवर लादलं. काम त्यांच्याकडून करून घ्यायचं आणि त्याच कामासाठी त्यांना विटाळ मानायचं, असा तो अन्याय होता. १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मृतमांस सोडण्याचं आणि ही लादलेली कामं झुगारण्याचं आवाहन केलं. माणुसकीचा तो लढा पूर्णपणे न्याय्य होता. त्यानंतर मेलेल्या जनावराची जबाबदारी मालकाने, गावाने आणि सरकारने उचलायला हवी होती. पुष्कळ ठिकाणी ती कोणीच उचलली नाही. २०१६ मध्ये गुजरातमधल्या उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना अमानुष मारहाण झाली. त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरं उचलायला नकार दिला, तेव्हा हा प्रश्न पुन्हा उघडा पडला. आपल्या समाजाने नकोसं काम दुसऱ्यावर टाकायचं आणि ते होतंय म्हणून त्याचा विचार करायचा नाही, हीच रीत ठेवली. गिधाडं नाहीशी झाल्यावर या कामाचा भार पुन्हा एखाद्या जातीच्या माणसांवर पडता कामा नये. गिधाडांबद्दल बोलताना हे बोललं नाही, तर ते अर्धवट राहील.

गेलेल्या पक्ष्यांची किंमत

गिधाडं गेल्यावर मढी राहिली. कुत्री, उंदीर वाढले. गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सडलेल्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच मरतात. कुत्र्याच्या पोटात तसं होत नाही. शिवाय कुत्री चावतात. अनिल मार्कंड्य आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये केलेल्या अंदाजानुसार, १९९२ ते २००६ या काळात वाढलेल्या कुत्र्यांमुळे भारतात रेबीजने सुमारे ४८ हजार जादा मृत्यू झाले. २०२४ मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी जिल्हावार आकडेवारी तपासली. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती त्या जिल्ह्यांत माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढल्याचं त्यांना आढळलं. २००० ते २००५ या काळात अशा जादा मृत्यूंची संख्या त्यांच्या अंदाजाने सुमारे पाच लाख होती.

मुंबईत आणखी एक नुकसान झालं, ते पैशात मोजता येत नाही. पारशी समाजाच्या परंपरेत मृतदेह दख्म्यात, गिधाडांच्या स्वाधीन केला जातो. मलबार हिलच्या डुंगरवाडीवर ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. गिधाडं नाहीशी झाल्यावर सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. समाजात वाद झाले आणि २०१५ मध्ये वरळीला दहनाचा मार्ग निवडणाऱ्यांसाठी प्रार्थनागृह उभं राहिलं. एका जातीचा पक्षी गेला आणि एका समाजाला आपल्या मृतांचा निरोप कसा घ्यायचा, हे नव्याने ठरवावं लागलं.

हे आकडे आणि ही उदाहरणं महत्त्वाची आहेत. सरकारं आणि अंदाजपत्रकं त्यांनीच हलतात. तरीही केवळ उपयोग हा आधार पुरा पडत नाही. उद्या गावोगावी मढी जाळायची यंत्रं आली, रेबीजची लस सर्वांपर्यंत पोहोचली, तर गिधाडांबद्दलचं आपलं कर्तव्य संपेल का? माझ्या मते नाही. कोट्यवधी जीव आपल्या हातून मेले आहेत, आणि ज्याच्या हातून नुकसान होतं त्याने ते भरून द्यायचं असतं, हा कोणत्याही गावच्या पंचायतीला समजणारा न्याय आहे. समोरचा उपयोगी आहे का, हा प्रश्न त्यात येतच नाही. शिवाय लाखो वर्षांत घडलेली एखादी जात संपवण्याचा अधिकार एका पिढीतल्या माणसांना कोणी दिलेला नाही.

भरपाई कशी दिसते

हरियाणातल्या पिंजोर इथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि राज्य सरकार यांनी गिधाड प्रजनन केंद्र उभारलं. पुढे पश्चिम बंगालमधल्या राजाभातखावा आणि आसाममधल्या राणी इथेही अशी केंद्रं झाली. पिंजोरला वाढलेले पक्षी जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच आणि ताडोबा व्याघ्रप्रकल्पांत आणले गेले. परिसराची सवय झाल्यावर, अंगावर उपग्रहाद्वारे माग घेणारी यंत्रं बसवून ते रानात सोडले गेले. कोकणात रायगड-रत्नागिरी पट्ट्यात पांढऱ्या पाठीची गिधाडं नारळाच्या आणि इतर उंच झाडांवर घरटी करतात. तिथे स्थानिक संस्थांनी वर्षानुवर्षं घरट्यांची राखण केली, त्यांच्यासाठी सुरक्षित अन्नाची सोय केली. नेपाळमध्ये नवलपरासी जिल्ह्यात २००६ पासून गावकऱ्यांनी म्हाताऱ्या गुरांना मरेपर्यंत सांभाळून, औषधमुक्त मढी गिधाडांना देण्याची पद्धत उभी केली. तिथे डायक्लोफिनॅकचा वापर खऱ्या अर्थाने थांबला आणि गिधाडांची संख्या सावरू लागली. म्हणजे हे काम होण्याजोगं आहे.

पण भरपाईचा भार कोणावर पडतो, हेही पाहायला हवं. ज्या शेतकऱ्याच्या नारळावर घरटं आहे, तो काही महिने नारळ उतरवत नाही. गिधाडांच्या रक्षणासाठी त्याने उत्पन्न सोडावं आणि शहरातल्यांनी समाधान मानावं, हा न्याय नव्हे. ज्यांनी विष विकलं आणि ज्यांनी ते विकू दिलं, त्यांच्याकडून या कामाचा खर्च वसूल होणं रास्त आहे. जनावरांसाठीचं कोणतंही नवं वेदनाशामक बाजारात येण्यापूर्वी ते मृतभक्षक पक्ष्यांना सुरक्षित असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर असली पाहिजे. पक्षी मेल्यावर अभ्यासकांनी पुरावे गोळा करत फिरायचं, ही पद्धत बदलली पाहिजे.

सामान्य माणसाच्या हातातही काही आहे. ज्याच्या घरी गुरं आहेत त्याने डॉक्टरला मेलॉक्सिकॅम मागावं. औषध दुकानदाराने माणसांचं डायक्लोफिनॅक गोठ्यासाठी देऊ नये. औषध दिलेलं जनावर दगावलं तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावं, आणि त्यासाठी ग्रामपंचायतीने जागा आणि यंत्र द्यावं. यांतल्या कशालाही फार मोठा त्याग लागत नाही. बैलाचं दुखणं थांबवणारा हात चुकीचा नव्हता, आणि तो आखडता घ्यायची गरजही नाही. फक्त त्या हातातली बाटली कोणती आहे आणि ती पुढे कोणाच्या पोटात जाणार आहे, हे विचारणं आता दयेचाच भाग मानायला हवं. एवढी चौकशी न करता केलेल्या दयेची किंमत, ज्याला तक्रारही करता येत नाही असा कोणी तरी मोजतो.